उन्हाळ्यात लॅपटॉप तापतो, बंद पडतो. नागपूरकरांनो, तुम्ही काय करता?

शेवटचा_मजला | १४ मे, सायं. ५:४०

मंडळी, त्रिमूर्तीनगरात चौथ्या म्हणजे अगदी शेवटच्या मजल्यावर राहते. घरूनच तीन-चार दुकानांचे हिशेब आणि जीएसटीचं काम बघते. लॅपटॉप पाच वर्षांचा. त्यावर टॅली, एक्सेल आणि ब्राउझर, याच्यापलीकडे काही चालत नाही. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही.

मार्चपर्यंत गुण्यागोविंदानं चाललं होतं. आता दुपारचे दोन वाजले की पंखा असा ओरडतो की सासूबाई आतून विचारतात, "कूलर कोणी लावला गं?" कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नाही. मग सगळंच सुस्तावतं. एक्सेलमध्ये आकडा टाकावा आणि चहा पिऊन यावं. या आठवड्यात तर दोनदा आपोआप बंद पडला, त्यात एकदा ऐन रिटर्न भरताना. (टचपॅडही दोन महिन्यांपासून दाबला तर दबत नाही, पण तो वेगळा विषय. मी माउस लावलाय.)

दुकानदार म्हणाला, "पाच वर्षं झाली मॅडम, नवीन घ्या." शेजारचा मुलगा म्हणतो कूलिंग पॅड घ्या. एसी एकच, बेडरूममध्ये, आणि दुपारी तिथे सासूबाई झोपतात. २० तारखेच्या आत सगळ्यांचे ३बी, म्हणजे जीएसटीचे रिटर्न, भरायचे आहेत. नागपुरात राहून लॅपटॉपवर काम करणारे बाकीचे लोक मे महिन्यात काय करतात, ते सांगा.

---

तर्रीबाज | १४ मे, सायं. ५:५२

ऊन लागलं त्याले. कांदा ठेवा खिशात अन् पन्हं पाजा.

---

मुळामुठा | १४ मे, सायं. ६:१५

एसीच्या खोलीत बसा की. यात धागा काढण्यासारखं काय आहे?

---

तर्रीबाज | १४ मे, सायं. ६:१८

आले राजेहो पुण्याचे. तुमच्याकडं ३९ झालं का दिवसभर बातम्या दाखवते. आमच्याकडं ३९ म्हणजे सकाळची न्याहारी.

---

अर्धा_ओहम | १४ मे, सायं. ७:०५

ताई, काही विकत घ्यायच्या आधी दोन आकडे मोजा. एक खोलीचं तापमान, दुसरं चिपचं, म्हणजे प्रोसेसरचं. चिपसाठी 'कोअर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यूइन्फो' यातलं काहीही टाका, दोन्ही फुकट आहेत.

लॅपटॉपचा पंखा थंडावा तयार करत नाही, ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. तो खोलीतली हवा आत ओढतो. चिपची उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून पातळ पत्र्यांच्या एका जाळीपर्यंत येते, पंखा ती त्या हवेच्या गळ्यात मारतो आणि बाहेर हाकलतो. म्हणजे चिप खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही. काम तेवढंच असेल तर दोघांमधला फरकही साधारण तेवढाच राहतो. डिसेंबरात खोली २२ आणि चिप ७२ असेल, तर खोली ४० झाल्यावर त्याच टॅलीसाठी चिप ९० ला जाणार. टॅलीनं काही केलेलं नाही, लॅपटॉपनंही नाही.

बहुतेक चिपांची वरची हद्द ९५ ते १०५ च्या दरम्यान असते. हद्द जवळ आली की चिप स्वतःच आपला वेग कमी करते. तुमची एक्सेलमधली चहाची सुट्टी ती हीच. तेवढ्यानंही भागलं नाही तर मशीन स्वतःला बंद करतं, जळण्यापेक्षा ते बरं. बनवणाऱ्या कंपन्याही वापरायचं तापमान सहसा ३५ अंशांपर्यंतच लिहितात. ॲपलचं मॅकबुकसाठी १० ते ३५ आहे. मे महिन्यातली नागपूरची दुपार त्या कागदात बसतच नाही.

---

मुळामुठा | १४ मे, सायं. ७:११

म्हणजे एसीच की.

---

अर्धा_ओहम | १४ मे, सायं. ७:१४

म्हणजे खोली. एसी हा त्यातला एक उपाय.

---

वसतिगृह_३०२ | १४ मे, रात्री ११:४८

आम्ही हॉस्टेलवाले उलटा दिवस जगतो. दुपारी झोपायचं, रात्री अकरा ते पहाटे पाच प्रोजेक्ट. माझा गेमिंग लॅपटॉप दुपारी कोड कंपाइल करायला लावला की हेलिकॉप्टर होतो, तोच पहाटे चारला गुमान चालतो. ताई, तुम्हाला पहाटे उठणं जमेल का?

---

शेवटचा_मजला | १५ मे, सकाळी ७:२०

@वसतिगृह_३०२, पहाटे उठतेच रे बाबा, पण डबे करायला.

@अर्धा_ओहम, मोजते आज. भिंतीवर टांगायचा एक थर्मामीटर आहे.

---

पेचकस | १५ मे, सकाळी ९:३०

बर्डीवर बारा वर्षं झाली लॅपटॉप उघडून राहिलो, म्हणून अनुभवाचं सांगतो. एप्रिल ते जून माझ्याकडे येणाऱ्या 'गरम होते' तक्रारींपैकी बहुतेक मशीन आतून नुसत्या बुजलेल्या असतात. ओहम भाऊ म्हणतात ती पत्र्याची जाळी आहे ना, तिच्या आणि पंख्याच्या मध्ये धूळ आणि कापसासारखे तंतू जमून पक्का नमदा होतो. वरून फुंकर मारून तो जात नाही. पंखा फिरतो, आवाज करतो, हवाच पुढे जात नाही. हिवाळ्यात हे झाकून जातं, मे महिन्यात उघडं पडतं. मार्चपर्यंत ठीक होता म्हणता ना ताई, तो ठीक नव्हता, थंडीनं सांभाळून घेतला होता.

पाच वर्षांत एकदाही उघडला नसेल तर आधी सफाई. सोबत चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावायची, तांदळाच्या दाण्याएवढी. काही पोट्टे चटणी लावल्यासारखी लावतात.

आणि कीबोर्डमधून मी आजपर्यंत काय काय काढलं ते विचारू नका. एका साहेबांच्या लॅपटॉपमधून अर्धी पुडी खर्रा निघाला.

---

तर्रीबाज | १५ मे, सकाळी ९:३४

वापस केला का त्याईले?

---

पेचकस | १५ मे, सकाळी ९:४१

हाव. बिलासोबत.

---

खाऊगल्ली | १५ मे, सकाळी १०:०२

सफाईवरून आठवलं. मागच्या वर्षी मी हुशारी केली. दुकानात कशाला पैसे द्या म्हणून लॅपटॉप घेऊन थेट पंक्चरवाल्याकडे गेलो. म्हटलं भाऊ, जाळीत हवा मार. त्यानं मारली. पंख्यानं आयुष्यात कधी घेतली नसेल अशी गिरकी घेतली, 'टिक्' असा आवाज आला, आणि मग कायमची शांतता. नवीन पंखा, वर बायकोचं ऐकून घेतलं ते वेगळं.

---

पेचकस | १५ मे, सकाळी १०:२५

@खाऊगल्ली, तुम्ही एकटे नाही. त्या टाकीत पाणीही साचलेलं असतं, हवेबरोबर तेही आत जातं. घरी करायचंच असेल तर मशीन बंद, चार्जर काढलेला, मागचं झाकण उघडून पंख्याचं पातं काडीनं धरून ठेवायचं आणि मऊ ब्रश किंवा डबाबंद हवेचे छोटे झटके द्यायचे. झाकणाचे स्क्रू लहान-मोठे असतात, ज्या जागेचे त्या जागी कागदावर मांडून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात घातला तर बोर्डाला टोचतो.

---

आजीचा_पाट | १५ मे, दुपारी १२:४०

मी तुमच्यातली सगळ्यात जुनी. महालातल्या आमच्या वाड्यात उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या लागायच्या आणि आम्ही पोरं आळीपाळीनं त्यांच्यावर पाणी शिंपडायचो. दुपारी बारानंतर खिडकी उघडली की मोठ्या माणसांचा ओरडा बसायचा. आताची मुलं भर दुपारी 'हवा येऊ दे' म्हणून खिडकी उघडतात आणि मग सगळं घर भाजून निघतं.

आता मी नातवंडांशी बोलायला लॅपटॉप वापरते. तो पूजेच्या जुन्या पाटावर ठेवते. गादीवर, उशीवर कधीच नाही. माझा तापत नाही.

---

मुळामुठा | १५ मे, दुपारी १२:५५

लाकूड उष्णतेचं वाहक नाही. पाटामुळे लॅपटॉप थंड होणं शास्त्रात बसत नाही. ॲल्युमिनियमचा स्टँड घ्या.

---

निवृत्त_मास्तर | १५ मे, दुपारी १:३०

@मुळामुठा, वाक्य बरोबर, निष्कर्ष चूक. एक मार्क मिळेल.

बहुतेक लॅपटॉप खालच्या झरोक्यांतून हवा ओढतात. आजींच्या पाटाचा उपयोग कठीण आणि सपाट असण्यात आहे. लॅपटॉपच्या रबरी पायांमुळे खाली जी दोन-तीन मिलिमीटरची फट राहते ती पाटावर राहते, गादीवर बुजते. धातूचा स्टँडही चालतो तो मुख्यतः उंचीमुळे. ज्या यंत्रांना पंखाच नसतो, उदाहरणार्थ २०२० मध्ये आलेली एम१ चिपची मॅकबुक एअर, तिथे मात्र सगळी उष्णता कवचातूनच जाते. पण बहुतेकांकडे पंख्याची यंत्रं आहेत.

मी काय करतो सांगू? मागच्या बाजूला, डावी-उजवीकडे, दोन-दोन कॅरमच्या सोंगट्या एकावर एक चिकटवून लावतो. बोटभर उंची मिळते, खर्च शून्य. माझ्या मशीनवर त्यानं चार अंश उतरले.

---

शेवटचा_मजला | १५ मे, दुपारी ३:२५

मोजलं. खोली ३९. टॅली आणि ब्राउझर चालू असताना चिप ९६, मध्येच ९९ दाखवून खाली आली. मास्तर, मुलाच्या कॅरममधल्या सोंगट्या चोरून लावल्या. आता ९३. हसू नका, पण तीन अंशांचा आनंद झाला.

---

सोनेगाव_साइडिंग | १५ मे, दुपारी ३:५०

खोली ३९? थर्मामीटर कुठे टांगलाय? शेवटच्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर तो भिंतीचा ताप सांगतोय, हवेचा नाही. आपल्याकडे हा धडा सगळ्या शहरानं घेतलाय. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि संध्याकाळपर्यंत देशभर बोंब. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता.

---

तर्रीबाज | १५ मे, दुपारी ३:५५

सेन्सर बिघडला म्हणे. म्या त्या दिवशी गाडीच्या सीटवर बसून पाह्यलं होतं. ५६ कमीच होते.

---

सोनेगाव_साइडिंग | १५ मे, सायं. ४:१०

सीट उन्हात होती. हवामान खातं सावलीतल्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीतल्या हवेचं तापमान मोजतं. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९ चा, २३ मे २०१३.

---

वऱ्हाडी_इन_दुबई | १५ मे, सायं. ५:०२

२०१३ चा तो मे मला आठवतो. इतवारीत लग्न होतं आणि मी नवरदेव होतो. सूट घालून. बाकी चालू द्या.

---

कूलरप्रेमी | १५ मे, सायं. ६:२०

अहो, पण नागपूरचा धागा आणि कूलरचं नाव कोणी काढत नाही? लॅपटॉप सरळ कूलरसमोर ठेवा, विषय संपला. मी सहा वर्षं हेच करतो.

---

मुळामुठा | १५ मे, सायं. ६:२४

अजिबात नको. दमट हवा आत जाऊन बोर्डावर पाणी धरेल. शॉर्ट होईल.

---

कूलरप्रेमी | १५ मे, सायं. ६:३०

तुमच्याकडे जुलैत काय कोरडी हवा असते? तिथले लॅपटॉप पावसाळ्यात शॉर्ट होतात का?

---

निवृत्त_मास्तर | १५ मे, सायं. ७:१५

दोघांनीही बाकावर बसा.

दव थंड वस्तूवर पडतं. बर्फाच्या पाण्याचा ग्लास बाहेरून ओला होतो, चहाचा होत नाही. चालू लॅपटॉप खोलीच्या हवेपेक्षा गरमच असतो, त्यामुळे नुसत्या दमटपणानं त्याच्या आत पाणी धरणार नाही. हो, तासभर एसीत गार झालेला लॅपटॉप कूलरच्या खोलीत आणून लगेच उघडलात तर धरू शकेल. तेव्हा पंधरा-वीस मिनिटं बंदच ठेवावा. बर्फाची पिशवी खाली ठेवणारे महाभागही असतात. त्यांना मात्र मुळामुठा म्हणतात तेच होईल.

आता कूलरप्रेमी. कूलर गुण देतो तो हवा कोरडी असते म्हणून. मे महिन्यात आपल्याकडची दुपार इतकी कोरडी असते की पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना हवेची उष्णता घेतं. बाहेर ४४ असताना चांगल्या ताट्यांचा कूलर हवा सहज दहा-पंधरा अंशांनी उतरवतो. पण त्या दमट झालेल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं नसेल तर तासाभरात खोलीचं स्नानगृह होतं. पहिल्या पावसानंतर कूलरचा जोर का ओसरतो, त्याचंही कारण हेच.

---

पेचकस | १५ मे, रात्री ९:१०

मास्तरांच्या पुढे बोलत नाही, पण एक गोष्ट टेबलावरची. दमट हवेनं नाही, कूलरच्या तुषारांनी बोर्ड खराब झालेले मी पाहिलेत. ताटी मधे फाटलेली असली किंवा पंप जोरात असला की हवेबरोबर बारीक थेंब उडतात. बोरिंगचं पाणी जड. ताट्यांवर पांढरा थर चढतो ना, तोच थर कनेक्टरवर चढलेला असतो. पाणी वाळून जातं, क्षार राहतो, मग तांबं हिरवं पडतं.

म्हणून कूलरच्या खोलीत बसा, कूलरच्या तोंडात बसू नका. बाजूला, सहा-सात फूट. तळहात धरून पाहा, थेंब लागले तर आणखी सरका. आणि लोखंडी कूलरच्या पत्र्याला चार्जरची वायर टेकवू नका. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या आपण वाचतोच. अर्थिंग तपासून घ्या.

---

कूलरप्रेमी | १५ मे, रात्री ९:२२

तळहात धरून पाहिला. ओला झाला. सहा वर्षं नशिबानं निघाली म्हणायची. ताट्या उद्याच बदलतो.

---

वसतिगृह_३०२ | १५ मे, रात्री ११:५५

कूलिंग पॅडबद्दल माझा अनुभव: पहिला घेतला त्याचे पंखे माझ्या लॅपटॉपच्या झरोक्यांखाली येतच नव्हते. निळे दिवे लागायचे, रूममेट इंप्रेस व्हायचे, तापमान एक अंशही हललं नाही. दुसरा झरोके बघून घेतला, तर पाच अंश उतरले. घ्यायच्या आधी लॅपटॉप उलटा करून फोटो काढा, तो दुकानात पॅडवर ताडून बघा.

---

अर्धा_ओहम | १६ मे, सकाळी ८:४०

बरोबर. तरी आत नमदा असेल तर बाहेरून पंखे लावणं म्हणजे चोंदलेल्या नाकाला उपरणं ढाळणं.

ताई, आज-उद्याकडे मशीन उघडून घेणं जमणार नसेल तर तोपर्यंत एक फुकटचं करा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट. तिथे 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० असतं ते ९९ करा. एका टक्क्यानं काय होतं असं वाटेल, पण बऱ्याच मशीनवर ९९ केल्याबरोबर चिपची 'टर्बो' धाव बंद होते. क्षणभर जोर मारून तापायची तिची सवयच जाते. टॅलीला टर्बोची गरज नाही. काही नव्या मशीनवर हे खातं दिसत नाही, तिथे सेटिंग्जमधला पॉवर मोड 'बेस्ट पॉवर एफिशिअन्सी'वर ठेवा.

आणि टास्क मॅनेजर उघडून सीपीयूच्या रकान्यावर टिचकी मारा. सगळ्यात वर कोण बसलंय?

---

शेवटचा_मजला | १६ मे, दुपारी १२:१०

सगळ्यात वर अँटिव्हायरस! रोज दुपारी दोनला पूर्ण तपासणी करायला लावलेला होता. कोणी लावला देव जाणे. (मीच लावला असणार, दुपारी जेवणाची सुट्टी असते म्हणून.) आता पहाटे साडेपाचवर ठेवलाय. माझे डबे आणि त्याची तपासणी एकदमच होऊ देत.

ब्राउझरमध्ये ४१ टॅब होते. त्यातले तीन सासूबाईंच्या मालिकांचे.

९९ केलं. आता दुपारी बघू.

---

तर्रीबाज | १६ मे, दुपारी १२:१५

४१ टॅब? ताई, बाहेरच्या तापमानाशी स्पर्धा लावली का?

---

धंतोली_दवाखाना | १६ मे, दुपारी २:३०

इन्व्हर्टरबद्दल कोणी बोललं नाही. आमच्याकडे दुपारी वीज गेली की लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालतो आणि चार्जरची वीट हाताला चटका देते. जुना, चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर आहे. काळजीचं आहे का?

---

अर्धा_ओहम | १६ मे, दुपारी ३:०५

चौकोनी लहरींवर बरेच चार्जर जास्त तापतात, आवाजही करतात. चार्जर निदान सोफ्याच्या फटीत, पडद्याखाली नको, फरशीवर मोकळा ठेवा. अर्धा-पाऊण तासच वीज जाणार असेल तर तेवढा वेळ बॅटरीवर काढा.

---

गोधनी_गेट | १६ मे, सायं. ४:४५

मी नुसता वाचणारा, पण धागा पहिल्यापासून वाचताना एका ओळीवर अडकलो. ताई, तुम्ही सुरुवातीला कंसात लिहिलंय की टचपॅड दाबला तर दबत नाही, आणि तो वेगळा विषय आहे.

तो वेगळा विषय नसावा. माझ्या भावाच्या लॅपटॉपचं असंच झालं होतं. टचपॅड आधी कडक झाला, मग महिन्याभरात एका कोपऱ्यातून वर आला. टचपॅडच्या खाली बॅटरी असते. ती फुगली होती. लॅपटॉप बंद करून टेबलावर ठेवा आणि बघा, चारही पाय टेकतात का? की डुगडुगतो? झाकण मिटल्यावर मध्ये फट दिसते का?

---

शेवटचा_मजला | १६ मे, सायं. ५:०८

डुगडुगतो. मला वाटलं सोंगट्यांमुळे. सोंगट्या काढून पाहिल्या, तरी डुगडुगतो.

---

पेचकस | १६ मे, सायं. ५:१२

ताई, चार्जर काढा. मशीन बंद करा. आत्ता. आज काम करू नका.

टचपॅड दाबून सरळ करायला जाऊ नका, पोराला हात लावू देऊ नका, गादीवर किंवा पेपरच्या गठ्ठ्यावर ठेवू नका. उन्हातून डिक्कीत घालूनही आणू नका. फरशीवर सावलीत ठेवा आणि उद्या सकाळी ऊन चढायच्या आत जवळच्या चांगल्या माणसाकडे न्या. माझ्याकडेच आणा असं नाही.

---

निवृत्त_मास्तर | १६ मे, सायं. ५:४०

पेचकस म्हणतात ते तंतोतंत करा. आतल्या रसायनाचं विघटन होऊन वायू तयार होतो, म्हणून पिशवी फुगते. तिला टोचलं किंवा वाकवलं तर आतले थर एकमेकांना भिडून आग लागू शकते. ही वेळ अशी का येते तेही सांगतो. लिथियमची बॅटरी दोन गोष्टींनी लवकर म्हातारी होते, उष्णतेनं आणि सतत शंभर टक्के भरलेली राहिल्यानं. घरून काम करणाऱ्यांचा लॅपटॉप वर्षानुवर्षं चार्जरलाच लटकलेला असतो, म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र.

---

मुळामुठा | १६ मे, सायं. ६:०२

हे मात्र माझ्याही उपयोगाचं आहे. माझाही कायम चार्जिंगलाच असतो. ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते ना?

---

अर्धा_ओहम | १६ मे, सायं. ६:२०

बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये असते, त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये. 'बॅटरी हेल्थ', 'कॉन्झर्वेशन' असल्या नावानं शोधा. आणि पुण्याचे आहात म्हणून सांगतो, टेबलावर चारी पाय टेकतात का तेही बघा.

---

मुळामुठा | १६ मे, सायं. ६:३१

टेकतात. धन्यवाद. पाट कुठे मिळेल?

---

आजीचा_पाट | १६ मे, रात्री ८:००

माझा मिळणार नाही.

---

शेवटचा_मजला | १९ मे, सकाळी ६:५०

सगळ्यांना आधी नमस्कार. दोन दिवस भावाच्या लॅपटॉपवर काम केलं, कालच सगळे ३बी भरून झाले.

लॅपटॉप उघडला तेव्हा मी समोर उभी होते. बॅटरी पुरणपोळीसारखी टम्म. त्या माणसानं मला दाखवलं आणि म्हणाला, "मॅडम, आणखी महिनाभर चालवला असता तर स्क्रीननंही साथ सोडली असती." पंख्याजवळून निघालेला नमदा मी डबीत घालून घरी आणला, नवऱ्याला दाखवायला. त्याला वाटलं मांजराचं काहीतरी आहे. आमच्याकडे मांजर नाही.

नवीन बॅटरी, सफाई, पेस्ट. एकूण खर्च नवीन लॅपटॉपच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. जुनी बॅटरी ई-कचऱ्यात द्यायला त्याच्याकडेच ठेवली. आमचा नेहमीचा भंगारवाला ती मागत होता, पण दिली नाही.

बसायची जागाही बदलली. पश्चिमेच्या भिंतीपासून उठून हॉलमध्ये, कूलरच्या बाजूला सात फूट, तळहाताची परीक्षा घेऊन. समोरची खिडकी वीतभर उघडी. गच्चीवर हिरवी जाळी लावून घेतली आणि स्लॅबला चुना मारलाय. त्याचा गुण रात्री जास्त कळतो, पूर्वी अकरा वाजेपर्यंत छत शेकत राहायचं.

काल दुपारी ३ वाजता खोली ३३, चिप ७४. तेच टॅली, तेच एक्सेल. टॅब ९.

---

पेचकस | १९ मे, सकाळी ९:१५

बेस्ट. आता दर मार्चमध्ये, कूलर खाली उतरवून ताट्या बदलायच्या दिवसातच लॅपटॉपही उघडून घेत जा. लक्षात राहते.

---

गोधनी_गेट | १९ मे, सकाळी ९:४०

बरं वाटलं. मी परत वाचायला जातो.

---

कूलरप्रेमी | १९ मे, सकाळी १०:०५

२५ तारखेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक नऊ दिवस, लागतोय. नऊ दिवसांनी खरे आकडे टाका, ३३ वर खूश होऊ नका.

---

शेवटचा_मजला | १९ मे, दुपारी १:२०

टाकते. एक अडचण उरली आहे. शाळेला सुट्ट्या लागल्यामुळे चिरंजीवांनी कॅरम काढला आणि चारही सोंगट्या माझ्या लॅपटॉपखालून उपटून नेल्या. आता दोन रिकाम्या माचिसच्या डब्या लावल्यात.

---

तर्रीबाज | १९ मे, दुपारी १:२६

राणी तरी ठेवली का खाली?

---

शेवटचा_मजला | १९ मे, दुपारी १:३१

राणी दिवाळीपासून हरवली आहे. पेचकसभाऊ, कुठल्या कीबोर्डमध्ये सापडली तर कळवा.